गोठ्यांतली जीप

रत्नागिरीकडील एका भगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. वडील वारून सहा वर्षें झालीं; त्यांची जुनी, उंच बॉनेटची पेट्रोल-जीप तेव्हांपासून गोठ्यांत उभी आहे. कलमांची बाग डोंगरउतारावर, घर तळाशीं. आंब्याच्या पेट्या गडी डोक्यावरून खालीं आणीत. गतवर्षीं त्यांतला एक पाय घसरून पडला, मांडीचें हाड मोडलें, आणि आतां त्या वाटेनें ओझें घेऊन उतरावयास कोणी धजत नाहीं. मातुःश्री घरीं एकट्या. भंगारवाला दोनदां येऊन गेला. ‘जीप पुन्हां चालेल काय, कीं देऊन टाकूं?’ असा त्यांचा प्रश्न आहे. अशींच पत्रें इतरांचींही येतात, म्हणून उत्तर येथेंच देतों.

भगिनी, इतक्यांत देऊं नका. आधीं गाडीखालीं निजून चासी पाहणारा माणूस आणा. चासी गंजून पोखरली असेल तर भंगारवाल्याचें बरोबर; नसेल तर बाकीचें सर्व दुरुस्त होण्याजोगें आहे. हें यंत्र मुळांत रानांत, साध्या हत्यारांनीं दुरुस्त व्हावें म्हणूनच जन्मलें. १९४० सालीं अमेरिकन सैन्यानें हलक्या चौचाकी ओढीच्या गाडीची मागणी केली, १९४१ पासून विलीज व फोर्ड यांच्या कारखान्यांतून ती लाखांनीं बाहेर पडली, आणि १९४५ सालीं विलीजनें तिचा शेतकामाचा अवतार काढला. महिंद्रांनीं पुढें ती मुंबईंत जोडावयास घेतली. आपली उंच बॉनेटची जात १९५३ सालची. एंजिनाच्या आंत हवा घेणाऱ्या झडपा वर डोक्यांत नेल्यामुळें एंजिन उंच झालें व बॉनेटही उचलावें लागलें. ‘जीप’ या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयीं मात्र एकमत नाहीं. यास्काचार्य एकेका शब्दाच्या दोन-तीन व्युत्पत्त्या देऊन मोकळे होतात; तोच मार्ग येथें बरा. असो.

पहिली गोष्ट, नवी बॅटरी आणून किल्ली फिरवूं नये. घरोघर हाच उतावळेपणा होतो. सहा वर्षांत पिस्टनच्या रिंगा गंजानें सिलिंडरला चिकटलेल्या असतात. कोरड्या एंजिनास जबरीनें फिरविलें तर रिंगा तुटतात आणि शेंकड्यांचें काम हजारांवर जातें. चारही प्लग काढावे, प्रत्येक भोंकांतून चमचा-दोन चमचे तेल सोडावें आणि दोन रात्री तसेंच राहूं द्यावें. मग गिअर मोकळा आहे हें पाहून पुढच्या बंपरमधून हँडल घालून हातानें हलकेंच हलवावें. हललें नाहीं तर पुन्हां तेल, पुन्हां दोन रात्री. येथें घाई करणारा मिस्त्री असेल तर त्यास चहा देऊन परत पाठवावें. पुढें प्लग बसवून हँडल मारण्याची वेळ आली तर आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा व हँडल खालून वर ओढावें. एंजिनानें उलट झटका दिला तर मनगट मोडतें. जुनें ऑइल काढतांना तें ताकासारखें पांढुरकें दिसल्यास आंत पाणी गेलें आहे असें समजावें.

टांकीतलें जुनें पेट्रोल सर्व काढून टाकावें. त्याची चिकट राळ होते व ती कार्बुरेटरचीं बारीक भोंकें बुजविते. टांकी चालकाच्या आसनाखालींच असते, म्हणून हें काम उघड्यावर, विडी-काडी दूर ठेवून करावें. आणि रिकामी टांकी निर्धोक समजून कोणी वेल्डिंगची ज्योत लावूं लागला तर हात धरावा, रिकाम्या टांकींतली वाफच भडकते. आजच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतलें पाणी ओढतें व जुन्या रबरास मऊ करतें. तेव्हां नळ्या व पेट्रोल-पंपाचा पडदा नवेच घालावे आणि पावसाळ्यांत टांकी भरून गाडी महिनेच्या महिने उभी ठेवूं नये.

ठिणगीचें काम सोपें. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट साफ करून त्यांत अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवावी. तारा एक-तीन-चार-दोन या क्रमानें जोडाव्या.

आतां ज्यासाठीं हा लेख लिहिला तें. एंजिन धडधडूं लागलें कीं घरांतलीं मंडळी टाळ्या वाजवितात आणि तरुण पोरें लागलीच गाडी बागेकडे वळवितात. तसें होऊं देऊं नये. उतारावरच्या बागेंत न चालणारी जीप कोणास मारीत नाहीं. न थांबणारी मारते. या जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकांस तेलाचा एकच मार्ग असतो. एका चाकाशीं गळती झाली कीं चारही ब्रेक जातात. ब्रेकचें तेल पाणी शोषितें व त्यानें आंतल्या नळकांड्या गंजतात. म्हणून चारही चाकें उघडून, रबरें, नळ्या व तेल नवें घातल्यावांचून गाडी गोठ्याबाहेर काढूं नये. हातब्रेक चाकांवर नसून गिअरपेटीमागें शाफ्टवर असतो. त्यामुळें मागलें एक चाक जॅकनें उचललें कीं हातब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळूं शकते. दोन मोठे धोंडे नेहमीं गाडींतच ठेवावे. टायरांवरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूंस चिरा असतील तर ते बाद होत.

बागेंतून उतरतांना लहान दांड्यांनीं चारही चाकांची ओढ व मंद गति जोडावी, पहिला गिअर घालावा आणि क्लच दाबूंच नये. एंजिनच गाडी धरून ठेवितें. डांबरी रस्त्यावर येतांच पुढची ओढ सोडावी, नाहींतर पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांशीं झगडून दांते झिजतात. पेट्या फळीच्या वर रचूं नयेत. वर माणूस बसवूं नये, मग तो कितीही म्हणो.

खर्चाचा आंकडा मागितला आहे, तो गाडी न पाहतां सांगणें लबाडी होईल. मिस्त्र्याकडून ब्रेकांचा व एंजिनाचा अंदाज वेगळा लिहून घ्यावा. पैसे कमी पडले तर ब्रेकांचे आधीं द्यावे. कागदांचेंही पाहावें. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढें दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते; वडिलांच्या नांवावरून गाडी मातुःश्रींच्या नांवावर करून घ्यावी, आणि बाग व घर यांमध्यें हातभर जरी सरकारी रस्ता असला तरी विमा काढल्यावांचून तो ओलांडूं नये. दिवाळीनंतर काम हातीं घेतलें तर आंबा उतरण्यापूर्वीं चांगले तीन-चार महिने मिळतात. मिस्त्री मिळाला कीं चासीचें काय निघालें तें कळवावें.