मोरोपंतांच्या गावातले ‘स्वमत’

दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ लिहायचे असते. उतारा वाचून मुलाने आपले म्हणणे ठरवावे आणि स्वतःच्या शब्दांत मांडावे, ही त्यामागची अपेक्षा. प्रत्यक्षात हे स्वमत गाईडमधून पाठ होऊन येते आणि वर्गभर एकसारखे असते. दोष मुलांचा नाही. आठवीपर्यंत प्रत्येक गोष्टीच्या शेवटी आपण त्यांच्याकडून फक्त तात्पर्य मागितले. ज्याला कधी मत विचारलेच नाही, त्याने ते पंधराव्या वर्षी अचानक आणायचे कुठून? हे काम सहावी ते आठवीचे आहे.

‘श्यामची आई’तली अळणी भाजीची गोष्ट घ्या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले. आईच्या हातून भाजीत मीठ राहून जाते, वडील त्याबद्दल काही न बोलता जेवून उठतात, मुलेही तशीच जेवतात. शेवटी आई पानावर बसते तेव्हा तिला कळते. ‘यातून काय शिकलात?’ असे विचारले की ‘दुसऱ्याचे मन दुखवू नये’ एवढे एक वाक्य लिहून वही मिटते. त्याऐवजी विचारा, ‘वडिलांनी गप्प बसायला हवे होते का?’ आता वर्गात दोन तट पडतील. एक मुलगी म्हणेल, बरोबर केले, आई राबली होती. दुसरी म्हणेल, चूक केले. वेळेवर सांगितले असते तर चिमूटभर मीठ घालून भागले असते, उलट सगळ्यांना अळणी वाढले याचे आईला नंतर वाईटच वाटले. दोघींनाही बाईंनी एकच विचारावे: कशावरून? मग पुस्तक पुन्हा उघडावे लागते. मुले गप्प राहिली ती धाकाने की मायेने, असे तिसऱ्याने विचारले तर तेच पान आणखी एकदा, ओळ न ओळ वाचावे लागते. इतके बारीक वाचन कुठल्याही ‘रिकाम्या जागा भरा’ने होणार नाही.

लिहिताना मुले कुठे अडखळतात तेही पाहावे. मत लिहितात, गोष्टीतला प्रसंगही सांगतात. दोहोंना जोडणारे वाक्य मात्र गळते. ‘वडील चांगले होते, कारण ते गप्प बसले.’ गप्प बसणे हा चांगुलपणा कसा? याचे उत्तर देणारे वाक्य म्हणजेच युक्तिवाद, आणि ते मुलाला आपोआप सुचत नाही, शिकवावे लागते. सहावीत एवढे साधले तरी पुष्कळ झाले. आठवीत आणखी एक पायरी: समोरचा काय म्हणेल ते प्रामाणिकपणे लिहायचे आणि मग त्याला उत्तर द्यायचे.

बारामतीला अशा युक्तिवादाचा धडा बाहेरून आणायला नको. मोरोपंत (१७२९–१७९४) इथलेच, बाबूजी नाईकांकडे पुराण सांगणारे. त्यांची ‘केकावली’ पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाली. ती देवाशी घातलेला वाद आहे हे वर्गात क्वचितच सांगितले गेले. पंत पुराणातल्या कथांचे दाखले काढतात: अमक्याला तारलेस, तमक्याचे अपराध पोटात घातलेस, मग माझ्याच वेळी उशीर का? भक्तीने ओथंबलेले हे काव्य दाव्यामागे पुरावा असाच चालते. सातवीतल्या मुलाला अर्थ सोपा करून सांगितला तर ही रीत त्याच्या लगेच ध्यानात येईल.

‘एवढ्याशा पोरांना कसले आलेय मत?’ ही शंका नेहमीची. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतली पोरे मात्र जन्मल्यापासून वाद ऐकत आली आहेत. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन इंदापुरात टेलपर्यंत पोचले की नाही, उसाला पहिली उचल किती, वजनकाट्यावर काय भरले, हे घरात रोज चालते, आणि तिथे पावती दाखवल्याशिवाय कोणी कोणाचे ऐकत नाही. हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांची मुलेही काही शाळांत बसतात. अन्याय, मजुरी, भूक यांवरच्या गोष्टीत त्यांना जे दिसते ते इतरांना दिसणार नाही. त्यांनी ते आपल्या बोलीत लिहिले तर लाल पेन आधी ‘कशावरून’साठी उघडावा, ऱ्हस्व-दीर्घासाठी मागाहून.

शिक्षकांवर आधीच माहित्या, ॲप आणि सर्वेक्षणांचा डोंगर आहे. म्हणून मागणी थोडीच आहे. महिन्याला एक गोष्ट, एक वादाचा प्रश्न, एक परिच्छेद. वह्या शेजारच्याने वाचाव्यात आणि जिथे आधार नाही तिथे समासात प्रश्नचिन्ह करावे. गुण देताना एक पथ्य मात्र कडक पाळावे: शिक्षकाला न पटणाऱ्या मतालाही, आधार भक्कम असेल तर, पूर्ण गुण. मुलांना बाईंचे मत फार लवकर कळते, आणि एकदा गुण त्या बाजूला झुकले की उरलेले वर्षभर सगळी वही बाईंच्याच मताने भरते.

केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा होतातच. बारामती आणि इंदापूरच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी पुढच्या परिषदेला प्रत्येक शाळेतून एकाच गोष्टीवरची, एकमेकांविरुद्ध मत मांडणारी दोन उत्तरे मागवावीत, आणि दोन्हींना किती गुण द्यायचे यावर शिक्षकांनी तिथेच चर्चा करावी.