हुकाची उंची



कापसाच्या भावावर आपण रात्र रात्र बोलतो. ट्रॉलीच्या पिनेवर कोणी बोलत नाही. दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघतील, म्हणून आज एवढेच.

ट्रॅक्टर आपला, ट्रॉली शेजाऱ्याची, हूक वेल्डिंगवाल्याने अंदाजाने मारलेला. उंची जुळणार कशी? चार-पाच भोकांची, वरखाली करता येणारी हिच घ्या. सपाट जागी ट्रॉली जोडून पाहा. दांडा जमिनीला समांतर हवा. हूक फार उंच असला की ट्रॉली मागे कलते, हुकावरचा भार कमी होतो आणि चाकांची पकड सुटते. मुख्य म्हणजे ओढ मागच्या आसाच्या खालीच असावी. वरच्या लिंकला साखळी अडकवून ओढले, तर ट्रॅक्टर पुढून उठतो आणि चालकावर उलटतो. सावरायला वेळ मिळत नाही.

दोन चाकी ट्रॉलीचा काही भार हुकावर येतोच. म्हणून माल आसाच्या थोडा पुढे जास्त भरा. प्लेट-बोल्ट जाड घ्या. पिनेच्या जागी सळईचा तुकडा नको. पिनेला क्लिप आणि जोडीला साखळी हवीच.

हे सगळ्यांना कळते. पण कापूस विकून हातात काही उरत नाही, म्हणून काटकसर हुकावर होते आणि ती जिवावर बेतते. घामाच्या दामासाठी लढूच. सोबत ट्रॅक्टर व ट्रॉली विकणाऱ्यांनी हिचची उंची जुळवून द्यावी, असा ठराव या बैठकीत मांडा. आणि घरी गेल्यावर आधी आपली पिन तपासा.