रात्र कोणाच्या मालकीची?

तमाशाला नावे ठेवणे हा आपल्या पांढरपेशा समाजाचा जुना धंदा. अलीकडे तो बसला आहे. आता तमाशाच्या नावाने परिसंवाद भरतात, 'लोककला' म्हणून त्याच्या गळ्यात हार पडतात, आणि रात्री दहाच्या ठोक्याला त्याचा ध्वनिवर्धक बंद केला जातो. मला विचाराल तर पूर्वीचा शत्रू बरा होता. तो निदान समोरून येत असे.

१९४८ साली बाळासाहेब खेरांच्या सरकारने मुंबई राज्यात तमाशावर बंदी घातली. फडकऱ्यांनी गाऱ्हाणे मांडले, दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि काही अटी घालून तमाशाला पुन्हा उभे राहू दिले. सरकारचा आक्षेप अश्लीलतेचा होता. तो बरोबर की चूक हा प्रश्न वेगळा. पण आक्षेप होता, म्हणून त्याला उत्तर देता येत होते. अण्णाभाऊ साठ्यांनी लोकनाट्य लिहून ते दिलेही. आजच्या बंदीला उत्तर द्यायचे कोणाला? ती बंदी आहे असे कोणी कबूलच करीत नाही!

२००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद केला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर कडक बोट ठेवले. माझी तक्रार त्याबद्दल नाही. रोग्याला झोप हवी, तान्ह्या बाळाला हवी, परीक्षेच्या पोरांना तर हवीच. शाळामास्तराला हे कोणी शिकवायला नको. पण त्याच नियमात एक दार उघडे ठेवले आहे. बंदिस्त जागेला, म्हणजे सभागृहाला नि मेजवानीच्या दालनाला, दहाची मर्यादा नाही. भिंत असेल तर नाचा. कनात असेल तर घरी जा! शहरातल्या बड्या हॉटेलात थंड हवेच्या खोलीत मध्यरात्र उलटेपर्यंत डिस्को चालतो. आमच्या शिवारात काढलेल्या पिकाच्या रानावर कापड ताणून उभा राहिलेला फड मात्र दहाला गुन्हेगार ठरतो. आवाज अडवायला भिंत लागते, हे मलाही कळते. पण भिंत बांधायला पैसा लागतो, हे नियम करणाराला कळले होते का?

कनातीत बसणारा माणूस कोण, हेही सांगितले पाहिजे. गेवराई तालुक्यातले आमचे चकलांबा काय किंवा आसपासची गावे काय, दिवाळी आली की निम्मी ओस पडतात. मुकादमाची उचल घेतलेली नवराबायको कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात कारखान्यावर जातात. पाच-सहा महिने पहाटेच्या काळोखात ऊस तोडायचा, रात्री-अपरात्री गाडी भरायची. या काळात त्यांच्या रात्रीवर त्यांची मालकी नसते. ती कारखान्याची असते, आणि तिच्या आवाजाची तक्रार कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पाडव्याच्या सुमाराला ही माणसे परततात, चैत्रात जत्रा भरते, आणि वर्षातली एक रात्र त्यांच्या वाट्याला येते. फक्त एक.

तशी एक रात्र माझ्या मनावर कोरलेली आहे. मी तेव्हा सातवीत असेन. गण झाला, गवळण झाली, मावशीने हसवून पोट दुखविले. मग रंगबाजीत फडाने 'डिस्को डान्सर'मधले गाणे धरले. १९८२ सालचा तो सिनेमा आमच्याकडे जुना झाला नव्हता. वर कॅसिओ आणि खाली ढोलकी! अमेरिकेतून मुंबईत आलेला तो ठेका ढोलकीवाल्याने असा काही आपलासा केला की पुढची सगळी कनात उठून उभी राहिली. खांद्याला उसाच्या मोळीचे घट्टे पडलेली माणसे टोप्या उडवीत नाचू लागली. कडेला बायकाही उभ्या राहिल्या होत्या. त्या नाचल्या नाहीत, पण त्यांच्या हातांनी ताल सोडला नाही. एकाच्या उपरण्याने माझ्या डोळ्यांत धूळ गेली. मी डोळे चोळीत नाचतच राहिलो.

परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. मध्यरात्रीनंतर वग लागला. घटकेपूर्वी ठेक्यावर गिरक्या घेणारी बाई आता लेकरू हरवलेली राणी झाली होती. आणि मघाशी टोप्या उडविणारी तीच माणसे उपरण्याने डोळे पुशीत होती. तांबडे फुटले तेव्हा वग संपला.

आता हिशेब मांडा. जेवणखाण उरकून फड नऊला उभा राहायचा. दहापर्यंत गण होतो, गवळण कशीबशी होते, दोन गाणी होतात. वग, म्हणजे तमाशाचा प्राण, दहाच्या पलीकडे पडतो. दोन-तीन वर्षांपूर्वी शेजारच्या एका गावी मी हेच पाहिले. राजा दरबारात येऊन बसला आणि ध्वनिवर्धक बंद झाला. लोक शिव्या देत उठले, आणि त्या शिव्या फडाच्या वाट्याला आल्या! मग फडमालकाने काय करावे? तो वग गुंडाळतो आणि गाणी वाढवितो. यावर आमचे सुसंस्कृत मित्र सुस्कारा सोडतात, "तमाशात आता नुसता नाच उरला हो!" अहो, कथेचा गळा तुम्हीच दाबलात, आता नाच उरला म्हणून रडता?

नाचाबद्दलची ही दुटप्पी नीती एकट्या तमाशापुरती नाही. २००५ सालीच राज्याने बारमधले नाच बंद केले, आणि त्याच कायद्यात तीन वा अधिक तारांकित हॉटेलांना सूट ठेवली. एकच नाच गरिबाच्या बारमध्ये अनीती आणि श्रीमंताच्या हॉटेलात करमणूक! उच्च न्यायालयाने २००६ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हा भेद मोडीत काढला. पण मधल्या आठ वर्षांत ज्या हजारो बायकांचे पोट तुटले, त्यांना ती वर्षे कोणी परत दिली?

सातासमुद्रापलीकडेही हेच. डिस्को न्यूयॉर्कमध्ये वाढला तो कृष्णवर्णीयांच्या, लॅटिन वस्त्यांतल्या लोकांच्या आणि समलिंगी म्हणून हिणविलेल्यांच्या नाचघरांत. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग सुरुंग लावून उडविण्यात आला. नुसत्या डिस्कोच्या नव्हे, तर कृष्णवर्णीय गायकांच्या सोल आणि फंकच्या तबकड्याही लोकांनी आणल्या होत्या, असे तिथे कामाला असलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाने पुढे सांगितले. राग संगीतावर होता की माणसांवर, हे यावरून ओळखावे. पुढे काही वर्षांतच त्याच शिकागोत त्याच लोकांनी 'हाऊस' नावाचे नवे नाचाचे संगीत उभे केले. नाच मरत नाही. पण तो जगविणारी माणसे मध्यंतरी उपाशी राहतात, हे विसरू नये.

विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींचे पदक मिळाले, यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. दोघींचा गौरव योग्यच. पण दोघीही ज्या रात्रींतून घडल्या त्या रात्रीच बंद करायच्या, आणि त्यांच्या तसबिरींना मात्र हार घालायचे, याला कलेचा आदर म्हणत नाहीत. याला श्राद्ध म्हणतात.

मागणी मोठी नाही. वर्षात पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्याला आहेच. ते दिवस गणपती-नवरात्रात जातात, ते जावोत; पण अनेक जिल्ह्यांच्या यादीत ३१ डिसेंबरही असतो. इंग्रजी वर्षाला निरोप देणाराला बारापर्यंत मुभा, मग सहा महिने ऊस तोडून आलेल्याला का नाही? गावाच्या जत्रेची एक रात्र ग्रामसभेने ठरवावी, फड वस्तीपासून दूर उभा करावा, कर्ण्यांची संख्या बांधून द्यावी, आणि नियम आड येत असेल तर तो बदलून त्या एका रात्री तांबडे फुटेपर्यंत वग चालू द्यावा. बाकीच्या तीनशे चौसष्ट रात्री झोपायला मोकळ्या आहेत.