जखमी जलपक्षी आणि आपली दया

सिद्धार्थ आणि देवदत्त यांच्या हंसाची कथा आमच्या वाचकांच्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक असते. देवदत्तानें बाण मारला, सिद्धार्थानें तो उपसून काढला, आणि मारणाऱ्यापेक्षां तारणाऱ्याचा अधिकार मोठा, असा निवाडा झाला. पस्तीस वर्षें ही कथा आम्हीं वर्गांत सांगितली. तिचा भाव आजही खरा आहे. व्यवहार मात्र दोन ठिकाणीं बदलला आहे. रुतलेला बाण किंवा गळ घरच्या घरीं उपसूं नये, असें पशुवैद्य सांगतात. आणि पक्षी तारणाऱ्याचाही होत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें बगळ्यासारखा पक्षी दयेपोटींही घरीं पाळतां येत नाहीं, तो वनविभागाच्या हवालीं करावा लागतो.

गेल्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीं आमच्या आळींतील एका मोठ्या कुटुंबांत असा पाहुणा आला. नदीकांठच्या बाभळीवर अडकलेल्या मांज्यांत एक ढोकरी लोंबत होती. (हा तोच मातकट बगळा, जो चिखलांत बसला असतां दिसत नाहीं आणि उडाला म्हणजे एकाएकीं पांढरा होतो.) थोरल्या नातवानें ती पंचांत गुंडाळून आणली. ओसरीवर सारें घर लोटलें. आजीबाईंनीं देवघरांतील गंगेचा गडू काढला. जगली तर तें औषध, गेली तर सद्गति, असा त्यांचा दुहेरी हेतु. तोंच धाकट्या सूनबाई पुढें होऊन म्हणाल्या, "आई, चोंचींत पाणी नका घालूं, श्वासांत जाईल."

सूनबाईंचें म्हणणें अगदीं बरोबर होतें. पक्ष्याच्या श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच असतें. ग्लानींतील पक्ष्यास पाजलेलें पाणी सहज फुप्फुसांत उतरतें. शिवाय पक्ष्यास आपल्यासारखें श्वासपटल नसतें; छातीचा पिंजरा हालेल तेव्हांच त्याचा श्वास चालतो. म्हणून प्रेमानें घट्ट धरलेला पक्षी हातांतच गुदमरतो. आणि सर्वांत मोठा वैरी म्हणजे भय. आपण गोंजारतों, तेव्हां हा आतां आपणांस खाणार असें त्यास वाटतें. तो निमूट बसला म्हणजे त्यास धीर आला असें समजूं नये. लांब पायांचे पक्षी तर धरपकडीच्या धसक्यानें व धडपडीनें स्नायु निकामी होऊन मरतात.

तेव्हां करावयाचें तें थोडेंच आहे. भोंकें पाडलेलें पुठ्ठ्याचें खोकें, तळाशीं जुनें धोतर, वर झांकण, आणि घरांतील निवांत कोपरा. मग वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. बगळा धरणाऱ्यानें कापड टाकून प्रथम मान आवरावी, कारण त्याची चोंच नेमकी डोळ्यांवर येते. पाणकावळ्याची चोंच मुळींच बांधूं नये. त्याच्या नाकपुड्या बाहेरून बंद असतात व तो तोंडानेंच श्वास घेतो. तोंडांतून तंगूस लोंबत असेल तर ती ओढूं नये, अगदीं चोंचीपाशीं कापूंही नये. वीतभर ठेवावी, म्हणजे वैद्यास आंतल्या गळाचा माग लागतो. जलपक्षी म्हणून त्यास न्हाणींतल्या टबांत सोडणारे महाभागही आम्हीं पाहिले आहेत. पिसें मळलेलीं असलीं कीं पाणी कातडीपर्यंत पोंचतें आणि पक्षी गारठतो. हात साबणानें स्वच्छ धुवावे. २०२१ च्या जानेवारींत महाराष्ट्रांत पक्ष्यांची साथ आली होती, तिचा विसर पडूं नये.

कधीं तर पक्षी जखमी नसतोच. टिबुकलीचे पाय शरीराच्या अगदीं मागल्या टोंकास असतात. पाण्यावर धांव घेतल्याशिवाय तिला उडतां येत नाहीं. रात्रीं ओला रस्ता तळें समजून ती उतरते व तेथेंच अडकते. दुखापत नसेल तर तिला औषध एकच, जवळचें तळें.

ढोकरीस सायंकाळीं वनरक्षक घेऊन गेले. हाड शाबूत होतें, पण पंखाचे स्नायु खोल चिरले होते. चौथ्या दिवशीं ती गेल्याचें कळलें. "मग गंगा घातली असती तर काय बिघडलें असतें?" आजीबाईंनीं विचारलें. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. आमच्या मतें चार दिवसांची संधि मिळाली, हेंही थोडें नव्हे. पण आजीबाईंस तें पटलें असें आम्हांस वाटत नाहीं.

नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं देशभर बंदी घातली आहे. तरी तो चोरून विकला जातो, आणि कुजत नसल्यामुळें पतंग संपले तरी त्याचा फांस झाडावर तसाच राहतो. पुढच्या रविवारीं त्या घरचीं मुलें लांब काठीस आकडी बांधून नदीवर गेलीं व सांपडला तितका मांजा उतरवून आलीं. तो गुंता आजीबाईंनीं मांडीवर घेतला आणि दुपारभर बसून कात्रीनें बोट बोट कापून टाकला.