‘फँड्री’ : अर्ध-आत्मकथन आणि साक्षीपलीकडचा ‘मी’

दिग्दर्शकाने स्वतःच्या घडणीची कथा पडद्यावर मांडावी, हा प्रकार आता जगभर रूढ झाला आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘द फेबलमन्स’ (२०२२) आणि पॅन नलिन यांचा गुजराती ‘छेल्लो शो’ (२०२१) ही त्याची अलीकडची उदाहरणे. दोहोंत चित्रपटाने भारावलेला मुलगा आहे आणि त्याच्या वाटचालीचे सार्थक चित्रपटातच आहे.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) दिग्दर्शकाच्या बालपणाशी नाते सांगतो. परंतु त्यातील जब्याच्या हाती कॅमेरा येत नाही. त्याच्या हाती गलोल आहे आणि अखेरीस दगड. म्हणून या चित्रपटाला ‘अर्ध-आत्मचरित्रात्मक’ म्हणताना कोणता प्रसंग खरा घडला, एवढेच विचारणे अपुरे ठरते. मंजुळे वडार समाजातील, तर जब्याचे कुटुंब कैकाडी. शीर्षकातील शब्दही कैकाडी बोलीतला, डुकराचा वाचक. स्वानुभव दुसऱ्या जमातीच्या जगण्यात रुजवण्याची ही निवड मुळातच कलात्मक आहे.

याहून अर्थपूर्ण आहे ती चंक्याची भूमिका. सायकलचे दुकान चालवणारा चंक्या स्वतः मंजुळे यांनी साकारला आहे. काळ्या चिमणीच्या राखेने शालू वश होईल, ही आशा जब्याला तोच देतो. म्हणजे घडून गेलेला दिग्दर्शक आपल्या बालपणासमोर त्राता म्हणून उभा राहत नाही. एक फसवे स्वप्न देणारा म्हणून उभा राहतो. स्वतःविषयीची इतकी कठोर मांडणी आत्मगौरवाकडे झुकणाऱ्या कलावंत-कथांत विरळाच. शेवटी भिरकावलेला दगड कॅमेऱ्याच्या, पर्यायाने प्रेक्षकाच्या दिशेने येतो. जब्याजवळ नसलेला कॅमेरा येथे त्याच्या रोषाचे लक्ष्य होतो. चित्रपटातील ‘मी’ असा घटनांच्या सत्यतेत नसून पाहण्याच्या कोनात वसतो.

हा मुद्दा नांदेड-लातूर परिसरातील मराठी विभागांना विशेष लागू पडतो. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने लातूर जिल्ह्याच्या मातीतून आली. त्यांच्या अध्यापनात शोषणाचे चित्रण, जातवास्तव, बोलीचे विशेष हे घटक हटकून येतात. निवेदक कोणत्या अंतरावरून बोलतो, काय गाळतो, कोठे थांबतो, हे प्रश्न मात्र मागे पडतात. समाजदस्तऐवज म्हणून या ग्रंथांचे मोल वादातीत आहे. तथापि तेवढ्यावरच थांबणे म्हणजे लेखकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कायमचे उभे करणे होय.

याचा परिणाम केवळ समीक्षेपुरता राहत नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रातील पदव्युत्तर वर्गांत याच समाजस्तरांतून आलेले विद्यार्थी बसतात. ‘तुमचे जगणे हा पुरावा आहे’ एवढेच त्यांच्यापर्यंत पोहोचले, तर त्या जगण्याला रूप देण्याचा अधिकार आपला आहे, हे त्यांना कोण सांगणार? मंजुळे स्वतः मराठीचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि कवी. त्यांचा चित्रपट ‘आठवणींचे पक्षी’ व ‘उचल्या’ यांच्या शेजारी ठेवून अभ्यासला जावा. त्यातून चित्रपटावर प्रकाश पडेलच. त्याहून अधिक प्रकाश या दोन पुस्तकांतील दुर्लक्षित रचनेवर पडेल.