व्याज शिकवतो, जोखीम कधी शिकवणार?



आपली मुलं सातवीत सरळव्याज शिकतात, आठवीत चक्रवाढव्याज. दहावीच्या अर्थनियोजनात तर जीएसटी, शेअर्स, एसआयपी सगळं येतं. पण एक गंमत बघा. या सगळ्या गणितांमधला प्रत्येक कर्जदार अगदी वेळेवर पैसे फेडतो! कर्ज बुडालं तर काय, असं उदाहरण कुठे दिसत नाही. खऱ्या बँकेचं निम्मं काम तर याच प्रश्नाभोवती चालतं.

वर्गात एक साधं गणित घालून बघा. समजा बँक ठेवीवर 7 टक्के देते आणि कर्जावर 10 टक्के घेते. म्हणजे शंभर रुपयांमागे वर्षाला 3 रुपये सुटतात. त्यातून पगार, भाडं, वीजबिल. आता शंभराचं एक कर्ज पूर्ण बुडालं, तर ते भरून काढायला अशी किती कर्जं वर्षभर नीट चालायला हवीत? तेहतीसहून जास्त! हे उत्तर स्वतः काढलेल्या मुलाला बँक पगाराची स्लिप, सिबिल स्कोअर, तारण, जामीनदार हे सगळं का मागते, ते वेगळं समजवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, सगळी अंडी एकाच टोपलीत. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं सप्टेंबर 2019 मध्ये काय झालं ते आठवतं ना? एकूण कर्जापैकी 70 टक्क्यांहून जास्त रक्कम एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे, तीही बनावट खात्यांआड लपवलेली. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारांना सहा महिन्यांत फक्त 1000 रुपये काढता येतील असं सांगितलं. मर्यादा पुढे वाढवली, पण रांगेत उभे राहिले ते निवृत्त लोक, छोटे दुकानदार. कर्ज कुणाला दिलं याच्याशी ठेवीदाराचा संबंध काय, असं विचारणाऱ्याला हे एक उदाहरण पुरे. त्या वेळी ठेवींवरचा विमा होता 1 लाखाचा, तोही 1993 पासून तेवढाच. फेब्रुवारी 2020 मध्ये तो 5 लाख झाला. आणि हो, हा विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. गावातल्या पतसंस्थेत अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून आयुष्यभराची पुंजी ठेवणाऱ्या किती पालकांना हे माहीत असतं?

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते जामीनकीबद्दल, कारण आपण शिक्षक म्हणजे हक्काचे जामीनदार. पगार ठरलेला, नोकरी कायम. "सर, नुसती सही हवी हो," असं म्हणत कुणीतरी स्टाफरूममध्ये येतंच. ती नुसती सही नसते. भारतीय करार कायदा 1872, कलम 128 सांगतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागावं, मग तुमच्याकडे यावं, असं बंधन नाही. तुमच्याकडून वसुली सोपी दिसली तर ती सरळ तुमच्याकडे येऊ शकते. बँकेच्या बाजूने बघा, जामीनदार म्हणजे तिने आपली जोखीम दुसऱ्याच्या खांद्यावर टाकण्याची सोय. यात तिचं काही चुकतंय असं मी म्हणणार नाही. चूक आहे ती नात्याच्या भिडेपोटी न वाचता सही करण्यात. नाही म्हटलं तर मैत्री तुटेल ही भीती खरी आहे, पण हप्ते थकल्यावर तीच मैत्री कोर्टाच्या नोटिशीपर्यंत जाते.

म्हणून माझं मत असं, की दहावीच्या वर्गात एक तास यासाठी द्यावाच. अभ्यासक्रम बदलायची वाट कशाला बघायची? जवळच्या शाखेतून कर्जाचा कोरा अर्ज आणा, जामीनदाराचं पान मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या आणि प्रत्येक वाक्याला "म्हणजे काय?" विचारा. अक्षर इतकं बारीक असतं, की त्या दिवशी मागच्या बाकावरच्यांनाही पुढे येऊन बसावं लागेल.