विश्लेषण : कोड नव्या घरात गेला, इतिहासाचे काय?

भोसरी किंवा चाकणच्या एमआयडीसीत एखाद्या वेंडरने जुन्या रिव्हिजनच्या ड्रॉइंगवर माल काढला, की अख्खा लॉट रिजेक्ट होऊ शकतो. बदल काय झाला, कधी झाला, मंजुरी कोणी दिली, हे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील छोट्या चौकटीत लिहिलेले असते. पिंपरीच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्या कोणालाही त्या चौकटीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये हीच चौकट म्हणजे ‘व्हर्जन कंट्रोल’. फरक इतकाच, की ड्रॉइंगला वर्षभरात दोन-चार रिव्हिजन पडतात, तर मोठ्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात एका दिवसात शेकडो बदल नोंदले जातात.

प्रश्न येतो तो ही नोंदवहीच बदलायची वेळ आल्यावर.

वही बदलावी का लागते?

सर्वांत गाजलेले उदाहरण लिनक्सचे. २००२पासून लिनक्सच्या गाभ्याचे काम ‘बिटकीपर’ या खासगी कंपनीच्या प्रणालीवर चालत होते. प्रकल्प मुक्त, पण त्याची वही दुसऱ्याच्या मालकीची. एप्रिल २००५मध्ये बिटकीपरचा मोफत वापर बंद झाला आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी अवघ्या काही दिवसांत ‘गिट’ उभे केले. आज जगातील बहुतेक प्रकल्प त्यावर आहेत. मात्र या घाईची एक खूण कायम राहिली. लिनक्सचा मुख्य गिट इतिहास २.६.१२च्या चाचणी आवृत्तीपासून सुरू होतो. त्याआधीच्या नोंदी वेगळ्या भांडारात पाहाव्या लागतात. एखादी ओळ १९९९ साली का लिहिली गेली हे शोधणारा २००५च्या भिंतीशी येऊन थांबतो.

घोडे अडते कुठे?

‘जीसीसी’ या कंपायलरने घाई केली नाही. कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा हा प्रकल्प १९८७पासूनचा. त्याने २००५मध्ये सीव्हीएस सोडून सबव्हर्जन घेतले आणि जानेवारी २०२०मध्ये तो गिटवर आला. यावरची चर्चा कित्येक वर्षे चालली होती. बाहेरून पाहणाऱ्याला हा आळस वाटेल, पण तो आळस नव्हता.

सबव्हर्जनमध्ये बदल करणाऱ्याचे फक्त लॉगिन नाव असते, तर गिटला पूर्ण नाव आणि ई-मेल लागतो. म्हणजे वीस-तीस वर्षांपूर्वी कोणत्या लॉगिनमागे कोण माणूस होता, हे खणून काढणे आले. दुसरी अडचण क्रमांकांची. सबव्हर्जनमध्ये प्रत्येक बदलाला सरळ चढता क्रमांक असतो, तर गिटमध्ये अक्षरे आणि आकड्यांची चाळीस खुणांची माळ. जुन्या हजारो तक्रारींमध्ये जुने क्रमांकच लिहिलेले. ते निरर्थक झाले, तर त्या तक्रारी वाचायच्या कशा? जीसीसीने दोन वेगवेगळ्या पद्धतींनी केलेली रूपांतरे ताडून पाहिली, त्यातील एक निवडले, जुना क्रमांक दिला तरी योग्य नोंद सापडेल अशी सोय ठेवली आणि नव्या बदलांनाही चढते क्रमांक देणारी व्यवस्था केली. कारखान्यात सवयीच्या पार्ट नंबरला कोणी हात लावू देत नाही, तसेच हे.

पुण्याच्या फॉन्टचा प्रवास

मराठी वाचकाच्या अगदी जवळचे उदाहरण म्हणजे ‘लोहित’ फॉन्ट. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आलेले हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट रेड हॅटने खुले केले. आधी जीपीएल, मग सप्टेंबर २०११पासून ओएफएल परवान्याखाली. त्यांचे काम ‘फेडोराहोस्टेड’वर चालायचे. २०१७च्या सुरुवातीला ते संकेतस्थळ बंद झाले आणि लोहितला ‘पॅग्यूअर’वर बिऱ्हाड हलवावे लागले. आता फेडोराने पॅग्यूअर सोडून ‘फोर्जेयो’ घ्यायचे ठरवले आहे. भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांना ही धावपळ ओळखीची वाटेल.

गिटमुळे कोड हरवत नाही. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पूर्ण इतिहासाची प्रत असते, ही त्याची खरी ताकद. पण तक्रारी, त्यांवरची उत्तरे, नाकारलेल्या सूचना या गिटच्या आत नसतात. त्या सर्व्हरवर असतात. फेडोराहोस्टेडवर त्या ‘ट्रॅक’ नावाच्या वेगळ्या प्रणालीत होत्या. मराठीतला ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळ्या वळणाचा असतो. अक्षराचे वळण बदलल्याचे कोडमध्ये दिसते, ते का बदलले यावरचा वाद मात्र तक्रारींच्या धाग्यात असतो. स्थलांतराचा आराखडा करताना नेमके हेच गाठोडे विसरले जाते.

पिंपरीने हे का वाचावे?

डिसेंबर २०१४मध्ये दूरसंचार विभागाने ३२ संकेतस्थळे रोखण्याचा आदेश दिला. महाराष्ट्र एटीएसच्या तपासातून निघालेल्या त्या यादीत गिटहबचे पत्तेही होते. अनेक प्रोग्रॅमरचे काम अडले, पुढे काही स्थळे खुली झाली. २०१८मध्ये गिटहब मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरना घेतले. गिट कोणाच्याही मालकीचे नाही, गिटहब आहे. हा भेद प्रकल्प अहवाल गिटहबवर चढवणाऱ्या आकुर्डी-निगडीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक हवा.

या पट्ट्यात बनणाऱ्या वाहनांत आता लोखंडाइतकेच सॉफ्टवेअर भरते आहे, आणि त्यात मुक्त कोडचा वाटा मोठा आहे. जीपीएलचा कोड वापरून वस्तू विकली, तर त्या कोडची प्रत मागणाऱ्याला द्यावी लागते. विकलेल्या आवृत्तीत नेमके काय होते, हे तेव्हा दाखवता आले पाहिजे. त्यामुळे कंपनी जुना सबव्हर्जन सर्व्हर बंद करून गिटकडे जात असेल, तर ‘ताजा कोड उचला, बाकी सोडा’ हा सल्ला स्वस्त वाटला तरी घेऊ नये. जुना सर्व्हर निदान केवळ वाचण्यापुरता चालू ठेवावा, लॉगिन आणि नावांची यादी जुने लोक नोकरी सोडण्याआधी करावी, आणि बदलाच्या शनिवार-रविवारी कोणीही नवा कोड आत टाकू नये. तक्रारींची प्रत वेगळी काढून ती उघडते का हे सोमवारी नव्हे, शुक्रवारीच पाहावे.